उल्हास, पेज, काळू, भातसा: लोकलने जाऊन-येऊन करता येणारे ग्रॅव्हल मार्ग कसे आखावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात राहणाऱ्या एका सायकलस्वाराकडे ४० मिमी टायरची ग्रॅव्हल सायकल (कच्च्या, खडीच्या रस्त्यांवर चालणारी) आहे, चारचाकी नाही. लोकलने जाऊन-येऊन एका दिवसात नदीखोऱ्यांतून आणि चढउताराच्या मोकळ्या मुलखातून ६०-७० किलोमीटर करायचे आहेत. नकाशावर आखलेले दोन मार्ग अर्ध्यात सोडावे लागले. एकदा रस्ता भातखाचरात संपला, एकदा नदी आडवी आली. टायरची हवा, गिअर आणि पावसाळा यांबद्दलही विचारलं आहे.

आधी नदीपाशी अडलेला मार्ग. त्याचं मूळ हे आहे: रस्ते आधी जोडले गेले आणि नदी ओलांडायची जागा नंतर बघितली गेली. आपल्या भागात हे उलटं करावं लागतं. कारण समजून घ्यायचं तर पाण्याची दिशा बघा. उल्हास राजमाचीच्या दरीतून उतरते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण करत वसईच्या खाडीला मिळते. सह्याद्रीच्या कड्यावरून निघालेल्या पेज, चिल्लार, पोशीर, बारवी, मुरबाडी, काळू आणि भातसा या सगळ्या पूर्वेकडून येऊन तिच्याच खोऱ्यात पडतात. म्हणजे पायथ्याच्या पट्ट्यात उत्तर-दक्षिण जाणाऱ्याला दर काही किलोमीटरवर एक नदी किंवा मोठा ओढा लागणार, आणि दोन नद्यांच्या मधे एक बुटका माळ चढून उतरावा लागणार. इथला चढउतार तयार होतो तो असा. एकही घाट न चढता ७० किलोमीटरमध्ये ६०० ते ९०० मीटर चढण सहज जमा होते. चढ लांब नसतात, तीनशे मीटर ते दीड किलोमीटर, पण मधेमधे १०-१२ टक्क्यांचे तुकडे असतात आणि तेही सुट्या खडीवर.

म्हणून नकाशावर पहिली खूण ओलांडण्यांची करा. डांबरी मुख्य रस्त्यावरचा मोठा पूल बारमाही असतो, पण तिथे डंपरही असतात. आपल्या कामाचा असतो तो गावरस्त्यावरचा फरशी पूल, म्हणजे पाण्यापासून मीटर-दीड मीटर उंच काँक्रीटचा ठेंगणा कॉजवे. नोव्हेंबर ते मे तो कोरडा असतो. जून ते सप्टेंबर त्याच्यावरून पाणी गेलं की तो नाहीच असं धरायचं. त्यानंतर कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळा संपला की त्याच्या गाळ्यांत बर्गे, म्हणजे आडव्या फळ्या, घालून पाणी अडवतात आणि पावसाआधी ते काढतात. काही बंधाऱ्यांवर चालण्याजोगी स्लॅब असते, काहींवर नुसते खांब. उपग्रह-चित्रात दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे ‘बंधारा दिसला म्हणजे वाट आहे’ हे गृहीत धरू नका. स्लॅब असली तरी कठडा बहुधा नसतो. उतरून सायकल हातात घेऊन जा. शेवटचा साकव, माणसांपुरता अरुंद पूल. दोन्ही टोकांना पायऱ्या असल्या तर सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हँडलबार रुंद असला आणि मागे मोठी बॅग असली तर जुन्या अरुंद साकवांवर सायकल घासू शकते. सामान फ्रेमच्या आत ठेवणं इथे उपयोगी पडतं. रेल्वेच्या पुलावरून सायकल नेणं हा पर्याय नाही, गुन्हा आहे. जवळचं फाटक किंवा भुयारी रस्ताच शोधायचा.

पेजबद्दल एक गोष्ट स्वतंत्रपणे लक्षात ठेवा. ठोकरवाडी धरणाचं पाणी टाटांच्या भिवपुरी वीजगृहात वीज तयार करून खाली पेजेत सोडलं जातं. हे वीजगृह १९२२ पासून चालू आहे. म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते, राजनाला कालव्याला पाणी मिळतं आणि कर्जत तालुक्याच्या काही भागात उन्हाळी भात होतो. तुमच्यासाठी याचा अर्थ असा की एप्रिलमध्ये आभाळ कोरडं असलं तरी पेजेची पातळी दिवसात बदलू शकते. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेली जागा परतताना तशीच मिळेल याची खात्री नाही. पेजेवर पुलाशिवायची ओलांडणी मार्गात धरूच नये. वीजगृहाचं पाणी घेणाऱ्या इतर नद्यांनाही हेच लागू आहे: खोपोलीखाली पाताळगंगा, भिऱ्याखाली कुंडलिका.

आता भातखाचरात संपलेला रस्ता. उपग्रह-चित्र बहुतेक वेळा उन्हाळ्यातलं असतं. कापणीनंतर ट्रॅक्टर, बैलगाड्या खाचरांतून सरळ जातात आणि मार्चपर्यंत पांढरी ठळक चाकोरी उमटते. चित्रात तो रस्ता वाटतो, जुलैत तिथे गुडघाभर चिखल आणि रोपं असतात. ओळखायची युक्ती अशी: खरा कच्चा रस्ता खाचरांच्या बांधांना वळसा घालतो किंवा स्वतःच्या भरावावर उभा असतो, त्याच्या कडेला झाडं किंवा विजेचे खांब असतात. खाचरातली चाकोरी बांध तोडून सरळ जाते. गुगल अर्थमध्ये जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. एकच तुकडा मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशा दोन काळांत बघा. दोन्हींत दिसला तर धरा.

जुना जीपीएक्स ट्रॅक (कुणीतरी नोंदवलेल्या मार्गाची जीपीएस फाइल) उतरवून घेताना त्याचं वर्ष बघा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. त्याशिवाय बदलापूर, भिवंडी, वसई बाजूला बुलेट ट्रेन आणि वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाची कामं, कर्जत-पनवेल पट्ट्यात नवी रेल्वेमार्गिका. या सगळ्यांनी जुन्या गाडीवाटा कापल्या आहेत. भराव आडवा आला की चढून जायचा प्रयत्न करू नका. एक-दीड किलोमीटरच्या आत बहुतेकदा जनावरांसाठी किंवा ओढ्यासाठी ठेवलेली मोरी सापडते, आणि गावकऱ्यांना ती नेमकी माहीत असते.

विचारायचं कसं, यालाही पद्धत आहे. ‘रस्ता पुढे निघतो का?’ असं विचारलं की उत्तर ‘निघतो की’ असंच येतं, आणि ते खरंही असतं, कारण सांगणारा माणूस रोज तिथून चालत जातो. त्याऐवजी विचारा: ‘दादा, पुढे मोटारसायकल जाते का?’ जाते म्हणाले तर तुम्ही बहुतेक सगळं अंतर चालवत जाल. ‘ट्रॅक्टर जातो, मोटारसायकल नाही’ म्हणाले तर पुढे खोल चाकोऱ्या किंवा पाणी आहे. ‘पायवाट आहे’ म्हणाले तर ताशी चार किलोमीटर धरा आणि परतायचं का ते तिथेच ठरवा. नदीबद्दल विचारताना ‘पाणी किती आहे’ असं न विचारता ‘गुरं आज पलीकडे नेली का’ असं विचारा.

मार्गांकडे वळू. सुरुवात काळू-भातसापासून करा, कारण हा मार्ग चुकला तरी अंगावर येत नाही. टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव ही चारही स्थानकं कसारा मार्गावर ओळीने आहेत आणि टिटवाळा ते आसनगाव हे रेल्वेचं अंतर २२ किलोमीटरच्या आसपास आहे. गावरस्त्यांनी वळत गेलात तर ३५ ते ४० होतात. टिटवाळ्याला काळू, खडवलीला भातसा. कुठेही दम संपला, डीरेलर (गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग) तुटला, ऊन लागलं तर पाच-सात किलोमीटरवर स्थानक आहेच. या पट्ट्यात वीटभट्ट्या पुष्कळ आहेत. भट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर राख आणि विटांच्या चुऱ्याचा चार बोटं जाड थर असतो. वरून तो सपाट दिसतो, खाली ट्रकच्या चाकोऱ्या दडलेल्या असतात. पुढचं चाक त्यात गेलं की वळवू नका; वजन मागे घ्या, पायडल चालू ठेवा, सरळ बाहेर या. नदीत उतरायचा मोह टाळा. वाळू उपशामुळे पात्रात अचानक खोल डोह असतात, काठावरून ते कळत नाहीत.

ते जमलं की वरच्या उल्हासचा आणि पेजचा मार्ग. मुंबईजवळ नदीखोरं अनुभवायला याहून चांगली जागा माझ्या मते नाही. कर्जत स्थानकातून बाहेर पडून कोंदिवड्याच्या रस्त्याने उल्हासच्या काठाकाठाने वर जा. डाव्या-उजव्या अंगाला फार्महाऊसं आहेत, त्यामुळे सुरुवातीचं डांबर शनिवार-रविवारी दहानंतर गाड्यांनी भरतं. साडेसातच्या आत तिथून पार व्हा. दरी अरुंद होत जाते, समोर राजमाचीचे दोन बालेकिल्ले दिसतात आणि कोंढाणे गावाशी सायकलचा रस्ता संपतो. लेण्यांकडे आणि वर राजमाचीला जाते ती पायवाट आहे, सायकल तिथे नेऊ नका. परत फिरून कडावकडे या आणि तिथून कशेळ्याला. मुरबाड-कर्जतचा मुख्य रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झाला आहे, त्याच्यावर अवजड वाहनं भरधाव असतात. शक्य तिथे वाड्यांना जोडणारे आतले रस्ते आणि कालव्याकाठ धरा, महामार्ग फक्त ओलांडण्यापुरता घ्या. कशेळ्याहून आंबिवलीकडे वळलं की कोथळीगडाचा सुळका समोर येतो आणि खडीचा खरा तुकडा सुरू होतो. आंबिवलीची लेणी नदीकाठीच आहेत, थांबायला सावली मिळते. तिथून मागे कशेळे आणि कळंबमार्गे नेरळला उतरा आणि गाडी पकडा. कोंढाण्याचा फाटा धरून ६५ ते ७५ किलोमीटर होतात. पाय शिल्लक असतील तर आंबिवलीऐवजी खांडसपर्यंत, भीमाशंकरच्या पायथ्याला जाऊन या. त्याने बेत ८५-९० वर जातो. पहिल्या वेळी तसं करू नका.

तिसरा मार्ग थोडा मोठा आहे, पण वाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत शहाणा. आसनगावहून निघून शहापूर, मुरबाड, म्हसा करत कर्जत किंवा नेरळला संपवायचा. डोंगराला समांतर दक्षिणेकडे जात काळूपासून पेजपर्यंतच्या सगळ्या नद्या एकामागून एक ओलांडल्या जातात. हिवाळ्यात सकाळी वारा पूर्व-ईशान्येचा आणि मंद असतो. दुपारी बारा-एकनंतर समुद्राकडून वायव्येचा वारा आत शिरतो. हाच मार्ग उलटा, कर्जतहून आसनगावकडे केलात तर शेवटचे तीस किलोमीटर तोंडावर वारा घेऊन, तेही दुपारच्या उन्हात. उत्तरेकडून दक्षिणेकडे आलात तर तोच वारा पाठीशी. लोकलने जाणाऱ्याला ही सोय गाडीवाल्यापेक्षा जास्त आहे. त्याला गाडीपाशी परतावंच लागतं, तुम्हाला नाही.

तानसा खोरं, म्हणजे वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी, सुंदर आहे, पण भिवंडीच्या बाजूने येताना गोदामांचे कंटेनर आणि खाणींचे डंपर यांतून वाट काढावी लागते. पहाटे जाणार असाल तरच. कुंडलिकेसाठी रोहा किंवा कोलाडला मुक्काम करावा; डोलवहाल बंधाऱ्यापासून निघालेले कालवे आणि भिऱ्याकडे जाणारी दरी हे दोन दिवसांचं काम आहे. इंद्रायणी आणि पवनेचं मावळ घाटमाथ्यावर आहे, हवा थंड आणि रस्ते रुंद, पण मुंबईची लोकल तिथे जात नाही. सायकलला द्रुतगती मार्गावर बंदी आहे, अटल सेतूवरही आहे, हे बेत आखतानाच लक्षात घ्या.

कालव्याकाठच्या सेवारस्त्यांबद्दल दोन शब्द. कालवा समपातळीने वळणं घेत जातो, त्यामुळे त्याच्याकाठचा रस्ता जवळजवळ सपाट असतो आणि नवख्याला खडीची सवय करायला याहून बरं काही नाही. तुटतो तो जलसेतूपाशी. कालवा ओढ्यावरून नळीसारखा पार होतो, रस्ता मात्र खाली ओढ्यात उतरतो किंवा तिथेच संपतो. नकाशात कालवा ओढ्याला छेदतो त्या प्रत्येक जागी खूण करा. हे रस्ते पाटबंधारे खात्याचे आहेत. साखळी किंवा फाटक असलं तर मागे फिरायचं. मुंबईला पाणी आणणाऱ्या मोठ्या जलवाहिन्यांच्या कडेचा रस्ता महापालिकेचा आहे आणि तुंगारेश्वर, तानसा ही अभयारण्यं आहेत. तिथे परवानगीशिवाय सायकल घालू नका, ट्रॅक कितीही जणांनी अपलोड केलेला असला तरी.

टायर. ४० मिमी पुरेसे आहेत. गावरस्त्याच्या खडीकरणात ४५ ते ६३ मिमीची खडी वापरतात. वर मुरूम पसरून रोलर फिरवला की वर्षभर रस्ता छान असतो. दोन पावसाळ्यांनी मुरूम वाहून जातो आणि अंड्याएवढे धारदार दगड उघडे पडतात. टायर कापतो तो हा काळा दगड, माती नाही. म्हणून हवा फार कमी करण्याची फॅशन इथे चालत नाही. स्वार, सायकल, सामान मिळून ८५ किलो धरले तर ४० मिमी ट्यूबलेसला पुढे ३० आणि मागे ३३-३४ पीएसआयने सुरुवात करा. ट्यूब असेल तर ३६ आणि ४०. दर पाच किलोमागे एक पीएसआय कमी-जास्त. दिवसात दोनपेक्षा जास्त वेळा रिम दगडावर आपटल्याचा ‘टक्’ आवाज आला तर मागे दोन वाढवा. एकदाही आला नाही आणि हात बधिर होत असतील तर दोन कमी करा. मोठ्या पंपावरचा काटा ४०च्या खाली भरवशाचा नसतो, वेगळा डिजिटल गेज घ्या. सीलंट (ट्यूबलेस टायरमधलं, भोक आपोआप बुजवणारं द्रव) दर टायरला ६० ते ८० मिलि लागतं आणि आपल्या उष्म्यात लवकर सुकतं. सहा-आठ आठवड्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून आत काडी घालून बघा.

बाभळीचा काटा लागला तर ट्यूबलेसमध्ये तो लगेच उपटू नका. हवा जात नसेल तर तसाच राहू द्या. जात असेल तर भोक खाली येईल असं चाक फिरवा, काटा हळू ओढा, सीलंट तिथे साचू द्या, अर्धा मिनिट थांबा. तरीही फुसफुस चालू राहिली तर प्लग, म्हणजे भोकात खुपसायची रबरी पट्टी. सोबत दोन ट्यूबा न्याच. गावातल्या दुकानात साध्या सायकलची ट्यूब मिळते, पण तिचा व्हॉल्व्ह जाड असतो आणि आपल्या रिमचं भोक लहान, ती बसत नाही. पेट्रोल पंपावरची हवा भरायची तर छोटा पितळी अॅडॅप्टर लागतो. तो व्हॉल्व्हच्या टोपीजागी कायम लावून ठेवा. आणि स्वतःच्या फ्रेमचा डीरेलर हँगर, म्हणजे डीरेलर ज्यावर बसतो तो छोटा तुकडा, जवळ ठेवा. हा भाग दर फ्रेमचा वेगळा असतो, तो तुटला तर ठाण्यातही त्याच दिवशी मिळेल असं नाही, मग कशेळ्यात कुठून मिळणार?

गिअर. पुढे ४० दात्यांची चक्री आणि मागे सर्वांत मोठी ४२ असेल तर मिनिटाला ६० फेऱ्यांनी ताशी साडेसात किलोमीटर मिळतात. वर धरलेल्या ८५ किलोंना १२ टक्क्यांच्या चढावर त्या वेगासाठी सव्वादोनशे वॉटच्या वर ताकद लागते. दिवसाच्या शेवटी ती बहुतेकांकडे नसते, मग फेऱ्या ४०-४५ वर येतात, गुडघा दुखतो आणि मागचं चाक खडीत फिरतं. पुढे ४६/३०ची जोडी आणि मागे ३४ असेल तर बरं. एकच चक्री असेल तर ती ३८ची करा. खडीच्या चढावर उभं राहून पायडल मारू नका, मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते घसरतं. बसून, कोपर वाकवून, नाक स्टेमकडे (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आणि पाय एका लयीत.

वेळेचा हिशोब असा लावा: डांबरावर ताशी २०, बऱ्या कच्च्यावर १३-१४, ढकलत ४, शिवाय दर ६०० मीटर चढणीला एक तास. त्यात थांबे आणि विचारपूस यांचा दीड तास. ७० किलोमीटरचा दिवस आठ तासांचा होतो. जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो आणि सव्वासहाला मावळतो. चारला स्थानकात पोहोचायचं असा बेत असेल तर चूक सावरायला दोन तास उजेड उरतो. दुपारी बाराला अर्ध्यापेक्षा कमी अंतर झालं असेल तर जवळच्या स्थानकाकडे वळा, चर्चा करू नका.

पाणी तीन लिटर भरून निघा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत आख्खं टाकलं तर ते तीव्र होतं आणि पोट बिघडतं. फाट्यावरच्या हॉटेलात वडापाव-चहा मिळतो, पण आतल्या वाड्यांवर दुकान असेलच असं नाही. पाणी घरात मागितलं तर कुणी नाही म्हणत नाही, मात्र मार्च ते मे आदिवासी पाड्यांवर एकेक हंडा लांबून आणलेला असतो. त्या दिवसांत आपलं पाणी आपण आणायचं.

ऋतू. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत उत्तम. ऑक्टोबर दिसतो हिरवा पण फसवा असतो. माती अर्धवट सुकलेली, ट्रॅक्टरच्या केज व्हीलने (चिखलणीची लोखंडी चाकं) पाडलेल्या चाकोऱ्या विटेसारख्या कडक, आणि गवत कमरेएवढं. गवतातून जाताना पाय मोकळे ठेवू नका. कोकणात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत. नोव्हेंबरात भात कापून झोडणी चालू असते आणि काही ठिकाणी कडेच्या डांबरावरच धान्य वाळत टाकलेलं असतं. त्यावरून चाक जाऊ देऊ नका, उतरून बाजूने जा. खाचराच्या बांधावरूनही सायकल चालवू नका. ओला बांध चाकाने खचला की वरच्या खाचराचं पाणी खाली जातं. मार्चनंतर राब भाजायला (भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळायला) सुरुवात होते, सकाळच्या धुराने दरीत डोळे चुरचुरतात. एप्रिल-मे मध्ये सकाळी दहाच्या आत संपणाऱ्या ३०-३५ किलोमीटरपुरतं ठीक.

पावसाळ्यात कच्चा रस्ता सोडून द्या. खाचराची चिकण माती टायरला थरावर थर चिकटते. टायर आणि फ्रेममध्ये दोन्ही बाजूंनी सहा मिमी मोकळी जागा नसेल तर शंभर मीटरमध्ये चाक फिरेनासं होतं, आणि जोर लावला की हँगर वाकतो. बारीक काळ्या दगडाच्या भुकटीने रेझिनचे ब्रेक पॅड एका लांब ओल्या दिवसात संपू शकतात. जूनआधी सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड घाला, निघताना त्यांची जाडी बघा. वाहतं पाणी असलेल्या फरशीवर सायकल चालवायची नाही. काँक्रीटवरच्या शेवाळावर टायर बर्फावरच्यासारखा सुटतो. कोरड्या ऋतूत घोट्याएवढं साधं पाणी ओलांडायचं असेल तर उतरा, तोंड प्रवाहाच्या वरच्या अंगाला ठेवा आणि सायकल आपल्या खालच्या अंगाला धरा. वरच्या अंगाला धरली तर प्रवाह तीच तुमच्यावर ढकलतो. पाणी गुडघ्याला लागत असेल आणि वाहत असेल तर मागे या. हबपर्यंत पाणी गेलं असेल तर त्या आठवड्यात बेअरिंग उघडून ग्रीस बघा. पायावर जखम असताना साचलेल्या पाण्यातून जावं लागलं तर लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस) डॉक्टरांना लगेच विचारा, ताप यायची वाट बघू नका. कर्जत-खालापूरकडच्या धबधबे आणि धरणांच्या परिसरात पावसाळ्यात प्रशासन मनाई आदेश काढतं, निघण्याआधी बातमी बघा.

लोकलचं. मालडबा दूधवाले, भाजीवाले, कोळणी यांचा आहे, हे ध्यानात ठेवून वागलं की सगळं सोपं जातं. स्थानकावरच्या खिडकीवर विचारून सायकलचं लगेज तिकीट काढा, गर्दीची वेळ टाळा, पुढचं चाक काढून फ्रेमला पट्ट्याने बांधा, चेनवर जुनं कापड गुंडाळा आणि चढण्या-उतरण्याच्या दाराच्या विरुद्ध बाजूला उभी करा. दोघांपेक्षा जास्त जण असाल तर वेगवेगळ्या गाड्यांनी जा. रविवारचा मेगाब्लॉक शनिवारीच बघून ठेवा. जाताना अडचण येत नाही, येताना थकलेल्या अवस्थेत गाडी रद्द झालेली कळते. कर्जत, नेरळ, मुरबाडच्या फाट्यांवर टमटम किंवा छोटा हत्ती मिळतो. सायकल मोडली तर स्थानकापर्यंत न्यायला त्याच्याशीच बोला, भाडं आधी ठरवा.

घरी आल्यावर प्रेशर पंपाने धुवू नका, बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. बादली, ब्रश, आणि चेन पुसून कोरडी. नोव्हेंबर ते मे ड्राय ल्यूब किंवा मेण, पावसात वेट ल्यूब; उन्हाळ्यात वेट ल्यूब घातलंत तर धूळ धरून चेन कापून काढते. ११ किंवा १२ गिअरच्या चेनला झीज मोजणाऱ्या मापकाने ०.५ दाखवलं की बदला.

आणि ओलांडलेली प्रत्येक जागा त्याच संध्याकाळी लिहून ठेवा: गाव, प्रकार, स्लॅब होती की नव्हती, तारीख, पाणी किती होतं. ओपनस्ट्रीटमॅपवर बंधारे आणि साकव बरेच राहून गेले आहेत, तिथे नोंद करा आणि बारमाही आहे की फक्त उन्हाळी तेही टाका. पहिल्यांदा टिटवाळा ते आसनगाव करताना फक्त काळू आणि भातसाच्या ओलांडण्या घ्या, त्या दोन टोकांना बसवा, मधले रस्ते मग त्यांच्याभोवती जोडा आणि त्या ट्रॅकवर काय बदलावं लागलं ते कळवा. वरच्या उल्हासचा मार्ग तुमच्या वेगाप्रमाणे नेमका कापून देता येईल.